वरून की खालून? रेमंड लेम्यू आणि शर्करेचा एक बंध

1953 साली कॅनडातल्या सॅस्कटून शहरात रेमंड लेम्यू आणि जॉर्ज ह्यूबर या दोन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत साखर तयार केली. आपण चहात घालतो तीच. रसायनशास्त्रात तिला सुक्रोज म्हणतात. घातलेल्या मालाच्या मानाने हाती आले ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास, आणि तेही थेट साखर नव्हे, तर ॲसिटिल गटांची आवरणे चढलेले तिचे रूप. आपल्याकडच्या एखाद्या साखर कारखान्याने एवढाच उतारा दाखवला तर वार्षिक सभेत सभासद संचालकांना फाडून खातील. पण सेंद्रिय रसायनशास्त्राच्या जगात ‘आमचे एव्हरेस्ट सर झाले’ अशा शब्दांत या कामाचे कौतुक झाले. खरे एव्हरेस्टही त्याच वर्षी मे महिन्यात सर झाले होते, तेव्हा उपमा शोधायला लांब जावे लागले नाही.

उसात आणि बिटात आयती मिळणारी वस्तू एवढा खटाटोप करून का बनवायची, हा प्रश्न कोणालाही पडेल. लेम्यू यांच्या पुढच्या कामातून त्याचे उत्तर मिळाले, पण त्याला वीस-बावीस वर्षे लागली. आधी बघू, की हे इतके अवघड का होते.

ग्लुकोजचा रेणू बहुतांशी षट्कोनी वलयाच्या रूपात असतो. वलयात पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन. वलय मिटताना पहिल्या क्रमांकाच्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट नेहमीच्या आकृतीत खाली तरी जातो, नाहीतर वर. खाली गेला तर अल्फा, वर गेला तर बीटा. दुसरी शर्करा जोडायची ती याच कार्बनच्या आधाराने, त्यामुळे जोडही अल्फा होऊ शकते किंवा बीटा. फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च आणि कडब्यातले सेल्युलोज हे दोन्ही केवळ ग्लुकोजच्या साखळ्यांचेच बनलेले आहेत. स्टार्चमधले जोड अल्फा, सेल्युलोजमधले बीटा. तेवढ्यावरून दाणा आपल्या पोटात पचतो आणि कडबा पचवायला गुरांच्या पोटातले सूक्ष्मजीव लागतात.

शिवाय दुसऱ्या शर्करेवर जोड घेऊ शकणारे हायड्रॉक्सिल गट एकापेक्षा जास्त असतात. ग्लायसिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू एकमेकांना जोडले तर एकच संयुग मिळते. षट्कोनी रूपातल्या ग्लुकोजचे दोन रेणू जोडले तर अकरा वेगवेगळी संयुगे होऊ शकतात. प्रथिने घडताना अमिनो आम्लांचा क्रम जनुकांतून आलेल्या आराखड्यावरून ठरतो. शर्करांच्या साखळ्यांना असा आराखडाच नाही. एकेक विकर येते, एकेक शर्करा ठरलेल्या जागी ठरलेल्या दिशेने चिकटवते आणि बाजूला होते. प्रयोगशाळेतल्या रसायनशास्त्रज्ञाकडे ती विकरे नव्हती. होते ते तापवणे, गार करणे, आम्ल, अल्कली आणि चिकाटी.

या शास्त्राचा पाया जर्मनीच्या एमिल फिशर यांनी 1884 ते 1894 या दहा वर्षांत घातला. ग्लुकोजच्या जातीच्या सोळा शक्य रचनांपैकी ग्लुकोज नेमकी कोणती, हे त्यांनी 1891 मध्ये निव्वळ रासायनिक अभिक्रिया आणि तर्क यांच्या बळावर ठरवले. त्या काळी रेणू ‘पाहण्याचे’ कोणतेही साधन नव्हते, हे लक्षात घेतले की थक्क व्हायला होते. ज्या फिनाइल हायड्राझिनने त्यांना शर्करा ओळखायला शिकवले, त्याच विषारी रसायनाने त्यांची तब्येतही पोखरली. 1902 चे नोबेल त्यांना मिळाले. सुट्या शर्करा त्यांनी ओळखल्या आणि घडवल्या, पण दोन शर्करा हव्या त्याच दिशेने सांधायच्या कशा, हा प्रश्न नंतरच्या पिढ्यांसाठी शिल्लक राहिला.

आणि सुक्रोजमध्ये तो दुहेरी होता. इथे ग्लुकोजचा दिशादर्शक कार्बन फ्रुक्टोजच्या दिशादर्शक कार्बनलाच जोडलेला असतो. एका बाजूला जोड अल्फा हवा, दुसऱ्या बाजूला बीटा. त्यात फ्रुक्टोजचे वलय पंचकोनी हवे, आणि मोकळ्या फ्रुक्टोजला तर षट्कोनी राहणेच पसंत. 1928 मध्ये जिनिव्हाच्या पिक्ते आणि व्होगेल यांनी सुक्रोज बनवल्याचे जाहीर केले. इतरांनी तो प्रयोग करून पाहिला तेव्हा साखर हाती लागेना. मिळत होता तो दिशा चुकलेला भाऊबंद, आयसोसुक्रोज. 1944 मध्ये कॅलिफोर्नियात हासिद, डुडोरॉफ आणि बार्कर यांनी एका जिवाणूच्या विकराकडून सुक्रोज घडवून घेतले. विकराच्या मदतीवाचून मात्र ते कोणालाच साधले नव्हते.

रेमंड लेम्यू यांचा जन्म 1920 चा, अल्बर्टा प्रांतातल्या लाक ला बीश या लहानशा गावातला. घर फ्रेंच भाषकांचे. एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठातून त्यांनी 1943 मध्ये पदवी घेतली आणि मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातून 1946 मध्ये डॉक्टरेट. पुढे ओहायो राज्य विद्यापीठात मेल्व्हिल वूल्फ्रम यांच्याकडे त्यांना स्ट्रेप्टोमायसिनवर काम मिळाले. क्षयावरच्या या नव्या औषधात एक शर्करा दडलेली होती आणि तिची त्रिमितीय रचना उलगडायची होती. कोणता गट वर, कोणता खाली, हे विचारण्याची सवय त्यांना तिथे लागली असावी. मायदेशी परतल्यावर ते सॅस्कटूनच्या सरकारी प्रादेशिक प्रयोगशाळेत रुजू झाले. गव्हाच्या पट्ट्यातल्या शेतमालाचा उद्योगात उपयोग कसा करता येईल हे शोधणे हे तिचे काम. साखर बनवायला ही जागा सर्वात गैरसोयीची म्हणावी लागेल, कारण आसपास ऊस नाही, बाजारात साखरेची टंचाई नाही. पण तिथल्या वरिष्ठांनी तरुण संशोधकांना मोकळे सोडले होते, हे मात्र खरे.

लेम्यू यांची युक्ती अशी. खिडकीची चौकट रंगवताना काचेला रंग लागू नये म्हणून रंगारी तिच्यावर कागद चिकटवतो आणि काम झाले की ओढून काढतो. तसे ग्लुकोजचे ज्या ठिकाणी काम नाही ते हायड्रॉक्सिल गट ॲसिटिल गटांनी झाकून टाकायचे. पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये ऑक्सिजनचे एक ताणलेले त्रिकोणी कडे असलेला पदार्थ घ्यायचा. हे कडे उघडायला उतावीळ असते. तसेच झाकलेले, पण एकच जागा मोकळी ठेवलेले पंचकोनी फ्रुक्टोज त्याच्यासोबत बंद नळीत 100 अंश सेल्सियसच्या आसपास तापवायचे. कडे उघडताना फ्रुक्टोज खालच्या बाजूने जोडले जाईल असा लेम्यू यांचा तर्क होता, आणि हाच मार्ग त्यांनी आधी माल्टोज या दुसऱ्या द्विशर्करेवर तपासून घेतला होता. नळीतून निघालेल्या चिकट मिश्रणातून सुक्रोजचे झाकलेले रूप वेगळे काढून त्याचे स्फटिक मिळवले आणि ते नैसर्गिक साखरेपासून बनवलेल्या नमुन्याशी जुळले.

माझ्या मते या प्रयोगातली खरी मोलाची गोष्ट म्हणजे उरलेले साडेचौऱ्याण्णव टक्के. अभिक्रिया आपल्या मनाप्रमाणे वळत नाही आणि का वळत नाही हेही नीट ठाऊक नाही, याचा तो उघड पुरावा होता. दुसरा एखादा एव्हरेस्टच्या छायाचित्रावर समाधान मानून पुढच्या शिखराकडे वळला असता. लेम्यू त्याच कार्बनपाशी पुढची चाळीस वर्षे ठाण मांडून बसले.

1954 मध्ये ते ओटावा विद्यापीठात गेले. त्याच सुमारास अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे एनएमआर, हे तंत्र रसायनशास्त्रज्ञांच्या हाती नुकतेच येत होते. ओटावातल्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या बर्नस्टाइन आणि श्नायडर यांच्याकडे असे यंत्र होते. लेम्यू आणि त्यांचे विद्यार्थी कुल्निग यांनी ॲसिटिल गटांनी झाकलेल्या शर्करांचे नमुने तिथे नेले. 1957-58 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले, की शेजारच्या दोन कार्बनवरचे हायड्रोजन वलयाला काटकोनात, एक वर आणि एक खाली असे उभे असतील तर त्यांच्या संकेतांतली फूट मोठी पडते. तिरपे असतील तर ती आकसते. म्हणजे नळीत तयार झालेला जोड अल्फा की बीटा हे आता आलेखावरून वाचता येणार होते. फिशर यांना ज्यासाठी वर्षानुवर्षे तर्क लढवावे लागले, ते एका दुपारच्या कामावर आले. आज एम.एस्सी.चा विद्यार्थी ही गोष्ट डोळे मिटून करतो. तिची सुरुवात शर्करांवर झाली हे त्याला क्वचितच कोणी सांगते.

त्याच काळात आणखी एक कोडे पुढे आले. षट्कोनी वलयावर मोठा गट बसवला की तो ऐसपैस बाजूच्या जागेवर जातो, उभ्या जागेवर दाटीवाटीने राहत नाही, हा सर्वसाधारण नियम. पण शर्करेच्या पहिल्या कार्बनवर क्लोरिन किंवा ब्रोमिनसारखा गट बसवला तर तो उभी, अडचणीची वाटणारी अल्फा जागाच पसंत करतो. कारण शेजारी वलयातला ऑक्सिजन आहे आणि त्याच्या इलेक्ट्रॉन जोड्यांचा या निवडीवर प्रभाव पडतो. जे. टी. एडवर्ड यांनी 1955 मध्ये त्याकडे लक्ष वेधले होते; लेम्यू यांनी 1958 मध्ये आपल्या प्रयोगांच्या आधारे त्याला ‘ॲनोमेरिक परिणाम’ हे नाव दिले. पाठ्यपुस्तकांत ते कायमचे बसले. (त्यांचे स्वतःचे नावही बसले आहे, पण एका वेगळ्याच अभिक्रियेला: कार्बनमधला दुहेरी बंध तोडणारे 1956 चे लेम्यू-जॉन्सन ऑक्सिडीकरण. शर्करांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला बहुतेक विद्यार्थी त्या अभिक्रियेवरून ओळखतात.)

1961 मध्ये लेम्यू एडमंटनला, आपल्या जुन्या विद्यापीठात परतले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. आता त्यांच्याकडे दिशा पाहणारे यंत्र होते आणि दिशा ठरवणाऱ्या शक्तीची जाणही. अडचण उरली होती ती अल्फा जोडाची. बीटा जोड त्या मानाने सोपा असतो. दुसऱ्या कार्बनवर ॲसिटिल गट ठेवला की तो आत वळून खालची बाजू अडवतो आणि येणाऱ्या शर्करेला वरूनच यावे लागते. अल्फा जोड हवा असेल तर असा पहारेकरी बसवता येत नाही, आणि पहारेकरी नसला की दोन्ही जोडांची खिचडी मिळते.

1975 मध्ये लेम्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा मला त्यांच्या साऱ्या कामातला सर्वात देखणा वाटतो. पहिल्या कार्बनवर ब्रोमिन असलेली शर्करा घ्यायची. ॲनोमेरिक परिणामामुळे जवळजवळ सारे रेणू अल्फा रूपात असतात. मग द्रावणात मोकळे ब्रोमाइड आयन सोडायचे. ते कार्बनवरच्या ब्रोमिनची सतत अदलाबदल करत राहतात, त्यामुळे थोडे रेणू सतत बीटा रूपात येत-जात राहतात. संख्येने ते नगण्य, पण अस्थिर असल्याने फार चपळ. येणारी दुसरी शर्करा स्थिर अल्फा रेणूंशी फारशी बोलत नाही. ती बीटा रेणू गाठते, आणि वर ब्रोमिन असल्याने तिला खालूनच शिरावे लागते. निघणारा जोड अल्फा. खर्ची पडलेल्या बीटा रेणूंची जागा नवे रेणू घेतात आणि सारे मिश्रण हळूहळू त्याच वाटेने रिकामे होते. यात ना झटापट, ना कडक तापवणे. कधीकधी काही दिवस लागतात एवढेच. ज्या परिणामाने ब्रोमिनला ‘चुकीच्या’ जागी बसवले, त्यालाच इथे कामाला जुंपले आहे.

ही पद्धत हाती येताच त्यांनी जे बनवायला घेतले ते मानवी रक्तगटांच्या शर्करा.

कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले ते 1901 मध्ये, पण त्या गटांचा रासायनिक अर्थ लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी 1950 च्या दशकात लावला. तांबड्या पेशीवरच्या शर्करासाखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज असते. त्याच्या दुसऱ्या कार्बनवर फ्युकोज ही शर्करा अल्फा जोडाने लागली की ‘एच’ प्रतिजन तयार होतो. ओ गटात एवढेच असते. त्यावर आणखी एक गॅलॅक्टोज अल्फा जोडाने बसले तर गट बी. त्याऐवजी एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसमाइन बसले तर गट ए. ए आणि बी यांच्यात शर्करेच्या एका कार्बनवरच्या गटाचा फरक, आणि चुकीची बाटली चढवली तर रुग्ण दगावू शकतो.

इथे मुंबईचा संबंध येतो. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. या व्यक्तींच्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि एचही नाही. त्या निबंधाच्या लेखकांमध्ये मॉर्गन आणि वॉटकिन्स हेही आहेत. हाच तो बॉम्बे रक्तगट. फ्युकोज जोडणारे विकरच नसल्याने पाया घातला जात नाही. मग ए किंवा बीचे जनुक असूनही मजला चढत नाही. नेहमीच्या चाचणीत असा माणूस ओ गटाचा वाटतो. पण ओ गटाच्या रक्तात एच भरपूर असते आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे या माणसाच्या शरीरात तयारच असतात. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते.

एच आहे की नाही हे तपासायला रक्तपेढ्या युलेक्स युरोपियस या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांतले एक प्रथिन वापरतात. (इंग्रजांनी हे झुडूप निलगिरीत आणून लावले आणि आता ते तिथे नकोसे झाले आहे.) हे प्रथिन एच शर्करेला ओळखते ते नेमके कशावरून? लेम्यू यांच्या गटाने 1985 मध्ये त्याचा छडा लावला. एच शर्करा त्यांनी स्वतः घडवली आणि मग तिच्या आवृत्त्या केल्या: दर वेळी एक हायड्रॉक्सिल गट काढून टाकलेला. कोणता गट नसला तर प्रथिन पाठ फिरवते आणि कोणता नसला तरी त्याला पत्ता लागत नाही, हे एकेक करून पाहिले. निर्णायक गट मोजकेच निघाले. बाकीचे बहुतेक पाण्याच्या सान्निध्यात बाहेरच राहत होते. निसर्गातून एच शर्करा खरवडून काढणाऱ्याला हा प्रयोग करताच आला नसता. हवे ते गाळून रेणू बांधता येणाऱ्यालाच तो शक्य होता. यातून लेम्यू पाण्याकडे वळले. दोन रेणू एकमेकांना धरतात तेव्हा त्यांच्या पृष्ठभागावरून सुटणारे पाण्याचे रेणूच त्या पकडीला जोर देतात, असे त्यांनी सत्तरी उलटल्यावर, 1996 मधल्या लेखात मांडले. त्यावर वाद झाले आणि अजूनही पूर्ण मिटलेले नाहीत.

लेम्यू कागदावर थांबणारे नव्हते. 1962 मध्ये त्यांनी एडमंटनमध्ये एक संशोधन कंपनी काढली, पुढे तिच्यातून रेलो केमिकल्स झाली. 1977 मध्ये विद्यापीठाच्या पाठबळाने केमबायोमेड सुरू झाली. तिचा हेतू रक्तगटांच्या कृत्रिम शर्करा आणि त्यांच्या आधाराने तयार केलेली तपासणीची द्रव्ये विकण्याचा होता. त्या शर्करा बारीक घन कणांवर चिकटवून त्यांच्यातून रक्तद्रव गाळला तर नको ती प्रतिपिंडे कणांवर अडकून राहतात. वेगळ्या रक्तगटाच्या दात्याचे मूत्रपिंड बसवण्यापूर्वी आज रुग्णाच्या रक्तातली ए किंवा बीविरोधी प्रतिपिंडे काढायला याच तत्त्वावरचे स्तंभ वापरले जातात. केमबायोमेड स्वतः फार काळ टिकली नाही. रेलो 2006 मध्ये गिलियड या औषध कंपनीने विकत घेतली.

बाकीच्या जगानेही या वाटेने बरीच मजल मारली. रक्त गोठू न देणारे फोंडापॅरिनक्स हे पाच शर्करांचे पूर्ण कृत्रिम औषध फ्रान्समधल्या संशोधनातून 2001 च्या सुमारास बाजारात आले. ते बनवायला पन्नासहून अधिक टप्पे लागतात. 2001 मध्येच पीटर सीबर्गर यांनी शर्करा आपोआप जोडणारे यंत्र दाखवले. क्युबाच्या शास्त्रज्ञांनी कॅनडाच्या रेने रॉय यांच्या सहकार्याने लहान मुलांसाठी कृत्रिम शर्करेची लस तयार केली, 2004 मध्ये तिचा अहवाल आला. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असताना श्रीनिवास होथा यांनी 2006 मध्ये सोन्याच्या क्षारांना उत्प्रेरक करून शर्करा सांधण्याची पद्धत मांडली. पुढे पुण्याच्याच आयसरमध्ये तिच्या आधाराने क्षयाच्या जिवाणूच्या भिंतीतल्या लांबलचक शर्करासाखळ्या घडवल्या गेल्या. अल्फा की बीटा, हा प्रश्न या सगळ्यांपुढे आजही आहे, आणि प्रत्येक जोडीसाठी चालेल अशी एकच पद्धत अद्याप कोणाकडेच नाही.

लेम्यू यांना 1999 मध्ये रसायनशास्त्राचे वुल्फ पारितोषिक मिळाले. जुलै 2000 मध्ये एडमंटनमध्ये ते वारले. शर्करांवर काम करणाऱ्यांपैकी फिशर यांच्यानंतर 1937 मध्ये हॉवर्थ, 1970 मध्ये लेलुआर आणि 2022 मध्ये पेशींवरच्या शर्करांना हात घालणाऱ्या कॅरोलिन बर्टोझी यांना नोबेल मिळाले. लेम्यू यांचे नाव त्या यादीत नाही. 1953 च्या साखरेसाठी ते मिळाले नाही याचे मला फारसे वाईट वाटत नाही. 1975 च्या ब्रोमाइडसाठी ते मिळायला हवे होते.